पाचारण शोधताना: वसईहून सावंतवाडी आणि पुढे जुनं गोवे

गेलं दीड वर्ष एकच गोष्ट मनात आहे, आपण सिस्टर व्हावं का. आमच्याकडे याला पाचारण म्हणतात, देवाने मारलेली हाक. ती खरोखर हाक आहे की माझ्या मनाने घेतलेली ओढ, हे घरी बसून कळेना. म्हणून ईस्टर झाल्यावर हॉस्पिटलातून रजा घेतली आणि तीन ठिकाणी सिस्टरांच्या घरी राहून आले. पहिलं घर वसईतच, दुसरं सावंतवाडीपासून आत एका गावात, तिसरं गोव्यातला कार्मेल मठ. तुमच्यापैकी कुणी हाच विचार करत असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतेय.

घरांची नावं लिहीत नाही. सिस्टरांनी मला विश्वासाने आत घेतलं, त्यांची तुलना व्हावी असं मला वाटत नाही. शिवाय मला जे घर भावलं ते तुम्हाला भावेलच असं नाही.

निघण्याआधी धर्मग्रामाच्या फादरांचं पत्र घ्या. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) यांच्या दाखल्यांची एकेक प्रत जवळ ठेवा. भेटीसाठी कुणी दाखले मागत नाही, पण पुढे नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या प्रशिक्षणात, जायचं झालं तर ते लागतातच, आणि जुन्या रजिस्टरातून नाव शोधून दाखला मिळायला वेळ जातो. प्रत्येक संघात, म्हणजे सिस्टरांच्या संस्थेत, पाचारणाचं काम पाहणारी एक सिस्टर असते. तिला आधी फोन करायचा, मग आपण कोण, काय शिकलो, घरी कोण आहे, हे एका कागदावर लिहून पाठवायचं. न कळवता कॉन्व्हेंटच्या दारात उभं राहू नका.

गेल्या वर्षी मला एक अनुभव आला, तोही सांगते. एका घरी दोन दिवसांसाठी गेले होते. दुसऱ्या संध्याकाळी समोर फॉर्म आला. जूनमध्ये नवीन मुली येतात, आत्ताच भरून टाक, देवाला वाट पाहायला लावू नये, असं सांगितलं. मी भरला नाही, पण घरी आल्यावर महिनाभर अपराधी वाटत राहिलं. शेवटी ज्या फादरांकडे मी मार्गदर्शनासाठी जाते त्यांच्याशी बोलले. ते म्हणाले, घाईने घेतलेलं 'हो' देवालाही नको असतं. तेव्हापासून ठरवलं की भेटीच्या काळात कुठेही सही करायची नाही. तुम्हीही करू नका. घरी या, मार्गदर्शकाशी बोला, मग काय ते करा.

वसईतल्या मुक्कामाबद्दल फार लिहीत नाही. 'कम अँड सी' शिबिर होतं, तीन दिवसांचं, आम्ही अकरा जणी होतो. प्रार्थना, गाणी, संघाच्या संस्थापिकेची माहिती, शाळेची फेरी. चांगलं होतं, पण आम्ही पाहुण्या होतो आणि सिस्टर यजमान. रोज गोडधोड. सिस्टर एरवी कशा जगतात ते शिबिरात दिसत नाही, म्हणून नुसत्या शिबिरावर काही ठरवू नका.

वसईकरांना खाली कोकणात जायला आता सोपं झालंय. बांद्र्याहून मडगावला जाणारी गाडी आठवड्यातून दोनदा वसई रोडला थांबते, दादर-पनवेलची धावपळ वाचते. ती जमली नाही तर दादरहून तुतारी आहे. सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. तिथून मोती तलावापर्यंत रिक्षा किंवा एसटी करावी लागते, आणि पुढच्या गावाची शेवटची एसटी कितीला हे सिस्टरांनाच आधी विचारून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा पोहोचायला रात्र होणार नाही असं पाहा.

सिंधुदुर्ग हा 2005 साली पुण्यापासून वेगळा झालेला धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला भाग. आपला वसईचा त्याहून थोडा जुना, 1998 चा. पण वसईत हाकेच्या अंतरावर चर्च दिसतं, तसं इथे नाही. कॅथलिक घरं विखुरलेली, कॉन्व्हेंट लहान लहान. मी राहिले तिथे पाच सिस्टर होत्या. एक दवाखाना बघते, दोघी शाळेत शिकवतात, एक मुलींचं वसतिगृह सांभाळते. पाचवी, ऐंशी ओलांडलेली, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेली.

पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनी विचारलं, "किती दिस रवतलंस गो?" मी म्हटलं, पाच रात्री. त्या म्हणाल्या, "बरा. दोन दिसांत काय्येक कळूचा नाय." त्यांचं म्हणणं मला तिसऱ्या दिवशी पटलं. पहिले दोन दिवस मी चॅपेलमध्ये जास्त वेळ काढत होते, सगळं भारावल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठवेना. मिस्सेत मन लागेना. उकाडा, लाईट गेलेली, आणि नाश्त्याला परत तीच पेज. घरची आठवण आली. त्याच दिवशी दुपारी रातांबे फोडायला बसलो. कोकमाचं फळ फोडून बी काढायची, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायची, संध्याकाळी परत रसात, असं चार-पाच दिवस चालतं. तेव्हा कुठे आमसुलं काळसर होतात. ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात वर्षभर पुरतात. शाळेतल्या दोन सिस्टरांचं सकाळी कशावरून तरी बिनसलं होतं, ते त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं होतं. दोघी एकाच पाटीसमोर बसल्या. अर्धा तास गप्प. मग एकीने दुसरीची सुरी स्वतःकडे घेतली, कारण तिच्या बोटाला चीर पडली होती, आणि तिला नुसत्या बिया वेगळ्या करायला दिल्या. तिनेही पाटी जवळ ओढून घेतली. संध्याकाळच्या प्रार्थनेला दोघींचे हात मनगटापर्यंत लाल होते, आणि एकाच पुस्तकातून दोघी स्तोत्र म्हणत होत्या. मला या घरात राहता येईल, असं पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की निदान पाच रात्री राहा आणि काम मागून घ्या. कंटाळ्याचा दिवस येऊन जाऊ द्या.

दुसरा सल्ला माझ्या पेशातून आलेला. म्हाताऱ्या सिस्टरच्या खोलीत जा. मी नर्स आहे, अंथरुणातल्या पेशंटच्या टाचा, माकडहाड आणि पाठ पाहिली की त्याची देखभाल कशी चाललीय ते कळतं. मी स्पंजिंगला मदत करते म्हटलं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेलं शरीर, पण टाचेला लाली नाही, पाठीला कुठे जखम नाही. कूस बदलल्याच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलेल्या, रात्रीच्या दोनचीसुद्धा नोंद. पाच जणींच्या घरात रात्री दोनला कुणीतरी रोज उठतंय. एरवी त्या सिस्टरला बोलता येत नाही, पण 'नमान मारिये', म्हणजे कोंकणीतली मरियेची प्रार्थना, सुरू केली की तिचे ओठ बरोबर हलतात. मी मराठीत माळ म्हणणारी, मला कोंकणी शब्द येत नव्हते. तिच्या ओठांकडे पाहून शिकले. तरुणपणी शाळेत, दवाखान्यात राबलेल्या बाईला संघ म्हातारपणी कसं ठेवतो, हे पाहिल्याशिवाय त्या संघाबद्दल मत बनवू नका.

गोव्यात उतरले ते करमळीला, जुन्या गोव्याला तेच स्टेशन जवळ. मठात संध्याकाळी पोहोचायचं होतं, म्हणून मधला वेळ सांता मोनिकामध्ये घालवला. बाँ जेझू चर्चला सगळेच जातात, तिथून टेकडीकडे थोडं चढलं की हा जांभ्या दगडाचा तीन मजली मठ लागतो. 1606 मध्ये बांधायला घेतला, 1627 मध्ये पूर्ण झाला. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यांनी तो स्थापला आणि ऑगस्टीनच्या नियमाने इथे सिस्टर राहत. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, नवीन मुली घेणं थांबलं, असलेल्या सिस्टर एकेक करून म्हाताऱ्या होऊन गेल्या आणि मठ रिकामा झाला. 1964 पासून तिथे मातेर देई संस्था आहे, सिस्टरांना ईशज्ञान शिकवणारी. तिथल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात चांदीची, हस्तिदंताची कामं आहेत. मला मात्र त्या शेवटच्या म्हाताऱ्या सिस्टरांचाच विचार पडला. मागून कुणी येणार नाही हे माहीत असून त्यांनी रोजची प्रार्थना चालू ठेवली असेल. बाकावर बसून मी त्यांच्यासाठी एक माळ म्हटली.

कार्मेलमध्ये पाहुणीला आत घेत नाहीत. बंदिस्त मठ आहे, सिस्टर आयुष्यभर आत. मला बाहेरच्या बाजूला खोली मिळाली. भिंतीत लाकडी फिरतं कपाट असतं. घंटा वाजली की ते फिरतं आणि आपल्या बाजूला जेवणाचा डबा येतो. देणाऱ्याचे हातसुद्धा दिसत नाहीत. पहिल्या रात्री डब्यासोबत पाकिटात होस्तियांच्या, म्हणजे मिस्सेत वाटतात त्या पातळ भाकरींच्या, कापून उरलेल्या कडा होत्या. नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी, चव कशालाच नाही. या कडांमधून कापलेल्या होस्तिया कुठल्या कुठल्या चर्चच्या वेदीवर जातील, हे मनात आलं आणि बराच वेळ ते पाकीट हातात धरून बसले.

दिवसात दोन तास मौन प्रार्थना, अविलाच्या संत तेरेजाने सोळाव्या शतकात घालून दिलेली. ती सगळ्या जणी एकत्र करतात. चॅपेलच्या बाहेरच्या भागात बसून मीही केली. पहिला तास फार जड गेला. मठप्रमुख मदरांशी जाळीपलीकडून दोनदा बोलणं झालं. मी विचारलं, हॉस्पिटलात माझे हात माणसांच्या उपयोगी पडतात, इथे काय? त्या म्हणाल्या, "बाळा, हा प्रश्न घेऊन घरी जा. घाईने उत्तर शोधू नकोस." कुणी कसलंही दडपण आणलं नाही.

आता काही गोष्टी, ज्या विचारायला संकोच वाटतो पण विचारायच्याच. वर्षं किती लागतात? कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, वयाची सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएटमध्ये घेत नाहीत. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं, मग तात्पुरती व्रतं किमान तीन वर्षं, त्यानंतर कायमची. बंदिस्त मठांसाठी चर्चच्या 2018 च्या नियमांनी हा काळ वाढवला: एक वर्ष आस्पिरंट आणि एक वर्ष पोस्ट्युलंट (नोव्हिशिएटच्या आधीचे दोन टप्पे), दोन वर्षं नोव्हिशिएट आणि पाच वर्षं तात्पुरती व्रतं, म्हणजे कायमच्या व्रतांआधी किमान नऊ वर्षं. घरी हे नीट समजावून सांगा. पप्पांना वाटत होतं की मी जूनमध्ये गेले की संपलं. नऊ वर्षं ऐकल्यावर ते पहिल्यांदा शांतपणे बोलले. नोव्हिसला, म्हणजे नोव्हिशिएटमधल्या मुलीला, कुठल्याही दिवशी घरी परतायची मोकळीक असते, हेही त्यांना माहीत नव्हतं.

कर्ज असेल तर आधी फेडा. फेडता न येणारं कर्ज असलेल्या मुलीला घेऊ नये असा नियमच आहे. माझं नर्सिंगचं शैक्षणिक कर्ज अजून अकरा हप्ते बाकी आहे. आणि आपल्या वसईत विचारला जातो तो प्रश्न, वाडीतल्या हिश्शाचं काय? पहिल्या व्रतांआधी मालमत्तेचा कारभार आपल्याला हव्या त्या माणसाकडे सोपवायचा असतो, आणि कायमच्या व्रतांआधी कायद्याने ग्राह्य असं मृत्युपत्र करायचं असतं. नेमकं कसं ते त्या त्या संघाचे नियम सांगतात. भावांशी हे आत्ताच मोकळेपणाने बोला, मागून मनं दुखावतात. सोडून गेलेल्या सिस्टरांबद्दलही विचारा. केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, पण संघाने त्यांच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावं असं चर्चचा कायदा सांगतो. सावंतवाडीच्या सिस्टरनी सोडून गेलेल्या दोघींची नावं आपुलकीने घेतली, एकीच्या लग्नाला त्या गेल्याही होत्या.

सामानाचं थोडक्यात: सुती पंजाबी ड्रेस, ओढणी, टॉर्च, पाण्याची बाटली, बायबल, वही. फोन मी रात्री अर्धा तास चालू करत होते, आईला तेवढं आधीच सांगून ठेवलं होतं. राहण्याचे पैसे कुणी मागत नाही. निघताना जमेल तेवढं पाकिटात घालून चॅपेलच्या पेटीत टाका. पवित्र आठवड्यात आणि नाताळच्या सुमारास जाऊ नका, सिस्टरांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

परत आल्यावर आठवडाभर कुणाशी फार बोलले नाही. मग फादरांकडे वही घेऊन गेले. त्यांनी सगळी वाचली आणि तिसऱ्या दिवसाच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, इथे परत जा. नोव्हेंबरमध्ये महिन्याभरासाठी सावंतवाडीला जातेय, हॉस्पिटलने बिनपगारी रजा मंजूर केलीय. पप्पा वसई रोडला सोडायला येणार आहेत. आईने सुकेळी सांगून ठेवलीय, केळीच्या सोपटात बांधलेले दोन पुडे. एक घरातल्या सगळ्यांसाठी. दुसऱ्यातली दुधात भिजवून, कुस्करून त्या म्हाताऱ्या सिस्टरला भरवायची, असं तिने मला दोनदा बजावलंय.