मुलांचं वाचन ऐकणारी आमची चिकू

आमची लॅब्रॅडॉर चिकू माणसांची भारी लोभी. तिला लायब्ररीत मुलांचं वाचन ऐकायला न्यावं, असं फार दिवस मनात होतं. इथे अमेरिकेत हा उपक्रम रुळलेला आहे. सॉल्ट लेक सिटीतल्या ‘इंटरमाउंटन थेरपी ॲनिमल्स’ या संस्थेने तो १९९९ मध्ये सुरू केला.

कुत्रं गरीब असलं की झालं, असं मात्र नाही. अशा कामासाठी प्राण्यांची नोंदणी करणाऱ्या ‘पेट पार्टनर्स’ या संस्थेकडे आम्ही नाव नोंदवलं. कुत्रं किमान वर्षाचं हवं, निदान सहा महिने तुमच्या घरात राहिलेलं हवं, कच्चं मांस खाणारं चालत नाही, आणि आधी कोर्स करायचा तो आपण. मग दोघांची मिळून परीक्षा. कुणी वेडंवाकडं कुरवाळतं, कुणी मागून धक्का देतं, शेजारी दोघं जोरजोरात भांडतात. जमिनीवरच्या खेळण्याला तोंड न लावता पुढे जाणं चिकूला सगळ्यात जड गेलं. त्यासाठी रोज संध्याकाळी हॉलमध्ये चेंडू टाकून आमची ये-जा चालायची. परीक्षकांची नजर माझ्यावरही होती: ती सारखी ओठ चाटू लागली, मान फिरवू लागली, तर तिला त्रास होतोय हे मला कळतं का?

लायब्ररीत सतरंजीवर बसतो. एका मुलाला साधारण वीस मिनिटं.

दुसरीतला एक मुलगा ‘इनफ’चं स्पेलिंग बघून अडला. शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता, पण सांगायचा नाही हीच शिकवण. चिकूने त्याच्या मांडीवर डोकं टेकलं. तो तिचा कान चोळत राहिला. जरा वेळाने मी म्हटलं, “हा शब्द चिकूला नवीन दिसतोय. आपण बघू या का?” आता अडली होती चिकू, तो नव्हे. बोटाने अक्षरं झाकत, उघडत त्याने शब्द लावला आणि पुस्तक तिच्याकडे वळवून अख्खं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं.

वाचायला शिकवतात ते शिक्षकच; ते काम कुत्र्याचं नाही. पण अडखळणाऱ्या मुलाला आपण मोठी माणसं पुरेसा वेळ देतच नाही, हे मला तिथे बसून पक्कं पटलं.

आता मंडळाच्या मराठी शाळेत विचारलंय. तिथली मुलं बोलतात छान, पण जोडाक्षर आलं की थबकतात. बाईंनी पालकांची संमती मागवली आहे. कुत्र्याची भीती किंवा ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी वेगळी खोली मिळाली की तारीख ठरेल.