आईंचा हरतालिकेचा उपास आणि माझं गप्प बसणं

ठाण्याच्या नौपाड्यात माझं मेडिकलचं दुकान आहे, 22 वर्षं झाली. मी देव मानत नाही. लग्नाच्या आधीच हे मी सासरी सांगितलं होतं आणि त्यावरून मला कोणी कधी टोचून बोललं नाही. मीही कोणाला बोलले नाही. आई, म्हणजे सासूबाई, रोज पूजा करतात. त्यांना फुलं मी आणून देते, चतुर्थीला मोदकाची उकड मी काढते, आरतीच्या वेळी मी स्वयंपाकघरात असते. अशी आमची घडी बसलेली होती आणि मी तिलाच आदर समजत होते.

2022 च्या हरतालिकेला ती घडी मोडली.

आई तेव्हा 71 वर्षांच्या. मधुमेहासाठी रोज सकाळी ग्लिमेपिराइड, आणि ती पट्टी माझ्याच दुकानातून घरी येते. आदल्या दिवशी आम्ही दोघी जांभळी नाक्यावर पत्री घ्यायला गेलो. आघाडा कोवळा आहे का, बेलाचं पान फाटलंय का, हे त्या एकेक जुडी उलटून बघत होत्या. मी पिशवी धरून शेजारी उभी. डोक्यात एकच होतं: उद्या या पाणीसुद्धा पिणार नाहीत, मग गोळीचं काय? जीभेवर आलेलं मी गिळलं. त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न, आपण कशाला मध्ये पडा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या कहाणी वाचत होत्या. एक ओळ वाचली, पुन्हा तीच वाचली, तिसऱ्यांदा तीच. मी बाहेर आले तर कपाळावर घाम, पदर ओलाचिंब, आणि मला हाक मारली ती नणंदेच्या नावाने. ग्लुकोमीटरवर साखरेचा आकडा आला 46, म्हणजे धोक्याइतकी कमी. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून ओठांना लावली, तर त्यांनी हाताने पेला सारला. "उपास मोडेल गं." जबरदस्तीने पाजली. ती रात्र रुग्णालयात गेली. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावते. वय झालेल्या माणसाच्या अंगात तिचा अंमल जास्त वेळ राहतो, म्हणून साखर एकदा वर आली तरी पुन्हा उतरू शकते. हे सगळं मला ठाऊक होतं. औषध एक दिवसही चुकवायचं नाही, हे आईंना बजावलेलंही मीच. त्यांनी माझं ऐकून सकाळी गोळी घेतली आणि दिवसभर उपाशी राहिल्या.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दुकानात येणाऱ्या परक्या माणसाला सांगतेस, रिकाम्या पोटी घेऊ नका. मला नाही सांगितलंस. माझा देव इतका ठिसूळ वाटला का तुला, की मला अक्कल नाही असं वाटलं?"

या प्रश्नाने मला आतून हलवलं. मी आदर म्हणत होते ते खरं तर हे होतं की या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं मी त्यांना वादाच्या लायकीचंच धरलं नव्हतं.

नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. देवाधर्माला विरोध नाही, विरोध आहे तो फसवणुकीला आणि शोषणाला, ही त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं हा त्यात गुन्हा आहे. हे मी लोकांना समजावून सांगायचे, आणि त्याच भूमिकेच्या आडोशाला बसायचे. आईंच्या उपासात कोणाची फसवणूक नाही, मग मी का बोलू? कायद्याने त्यांच्या उपासात हात घालू नये हे बरोबरच आहे. पण कायदा जिथे थांबतो तिथे मीही थांबावं, असं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि दुकानात मी थांबत नाहीच. रमझानच्या आधी राबोडीतली माणसं गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन येतात. सहरीला कुठली, इफ्तारनंतर कुठली? मी म्हणते, डॉक्टरांना विचारून वेळा बदला, आणि ज्यांची किडनी बिघडलेली आहे त्यांना स्पष्ट सांगते, चाचा, माझं ऐकाल तर रोजे नका ठेवू. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत. पुढच्या महिन्यात तेच चाचा औषधाला माझ्याकडेच येतात.

उलट टोकाची माणसंही मला माहीत आहेत. आमच्या एका ग्रुपवर एक मित्र दर हरतालिकेला उपाशी बायकांवर विनोद टाकायचा. त्याला मी बंद करायला सांगितलं. टिंगल करणाऱ्याला समोरच्याचं उत्तर नकोच असतं.

पुढच्या वर्षी हरतालिकेच्या आधी शेजारच्या काकूंनी मला युक्ती सुचवली: "शास्त्रात आजाऱ्याला सूट आहे म्हण, लगेच ऐकतील." सूट आहे हे खरं, आणि त्या ऐकल्याही असत्या. पण जे शास्त्र मी मानत नाही त्याचा आधार घेऊन बोलणं म्हणजे पुन्हा त्यांना फसवणंच झालं असतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सरळ सांगितलं, "आई, तुम्ही उपाशी राहिल्याने बाबांचं आयुष्य वाढतं हे मला पटत नाही. गोळीचं डॉक्टरांशी बोलायला हवं, ते वेगळं. पण हेही मला पटत नाही."

त्या पत्री निवडत होत्या. म्हणाल्या, "बाबांसाठी करते असं तुला कोणी सांगितलं? ते पहिली काही वर्षं. चरईच्या चाळीत आम्ही अकरा जणी जागायचो. फुगड्या, गाणी, एकमेकींची गाऱ्हाणी. वर्षातली तेवढीच एक रात्र, कोणाला वाढायचं नसायचं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. पातिव्रत्याच्या पलीकडे मी या व्रताकडे पाहिलंच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

आता डॉक्टरांनी त्या दिवसापुरती गोळी बदलून दिली आहे. आई पाणी पितात, फळं खातात, तीनदा साखर तपासू देतात. आयुष्य वाढतं की नाही यावर आमचं अजून जुळलेलं नाही. या वर्षी त्या म्हणाल्या, "पूजेला बसू नकोस, पण जागरणाला बस." बसले. रात्री एकच्या सुमारास बोट टोचलं, 118 आली. त्यांनी चष्मा लावून आकडा स्वतः वाचला आणि म्हणाल्या, "हं, आता सांग, तुमच्यात मेल्यावर काय होतं म्हणतात?"