खालच्या आजी, वरची मुलगी

इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या घरांच्या खात्यात मी नोकरी करते. कौन्सिल म्हणजे आपल्याकडची नगरपालिकाच. पण इथल्या बऱ्याच कौन्सिलांची स्वतःची हजारो घरं असतात आणि ती भाड्याने दिलेली असतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या उपद्रवाची तक्रार आली की अनेकदा तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, दोघंही आमचेच भाडेकरू निघतात. रात्री-अपरात्रीची गाणी, जिन्यातला गांजा, कुंपणावरून शिवीगाळ, दारावर लाथा, हे आमचं रोजचं काम.

ती फाइल आवाजाची होती. खाली सत्तरी ओलांडलेल्या एकट्या आजी, वर एक तरुण मुलगी आणि तिचं चार वर्षांचं पोर. तक्रारदाराला आम्ही डायरी शीट देतो. तारीख, वेळ, काय ऐकू आलं, किती वेळ, तुम्हाला काय त्रास झाला, असे रकाने असतात. बहुतेक लोक चार दिवस भरतात आणि सोडून देतात. आजींनी अकरा आठवडे भरले होते, एकही दिवस न चुकवता, जुन्या वळणाच्या सुंदर अक्षरात. ‘४.४०. टाचा. पलंगापासून खिडकीपर्यंत. परत.’ ‘५.०५. खुर्ची ओढली.’ ‘५.१०. छातीत धडधड. चहा करून बसले.’

या कागदांकडे आम्ही कधीच ‘म्हातारीची किरकिर’ म्हणून बघत नाही, आणि त्याला कारण आहे. लेस्टरशायरमधल्या बारवेल गावात फियोना पिल्किंग्टन नावाच्या बाईला टवाळ पोरांनी वर्षानुवर्षं छळलं. तिने तेहतीस वेळा पोलिसांना कळवलं. ऑक्टोबर २००७ मध्ये तिने आपल्या अपंग मुलीसह गाडीत स्वतःला जाळून घेतलं. २००९ च्या चौकशीत निघालं की प्रत्येक फोन सुटा धरला गेला, सगळे एकत्र करून कुणी पाहिलेच नाहीत. आता पहिल्याच दिवशी आम्ही तक्रारदाराला विचारतो: एकटे राहता का, झोप लागते का, जिवाला काही बरंवाईट करावंसं वाटतं का. उत्तरांना गुण असतात. आजींचे गुण वरच्या टप्प्यात गेले होते.

गोम अशी की या गुणांवरून त्रास किती आहे ते कळतं. दोष कुणाचा, ते कळत नाही. पण आकडा मोठा दिसला की सगळी यंत्रणा ‘आता काहीतरी करा’ म्हणून मागे लागते. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने केलंही होतं: वरच्या मुलीला छापील पत्र गेलं, ‘तुमच्याविरुद्ध समाजविघातक वर्तनाची तक्रार आली आहे, न थांबल्यास भाडेकरार धोक्यात येऊ शकतो.’ तरी आवाज थांबला नाही. मग आजींनी समाजविघातक वर्तनाविरुद्धच्या २०१४ च्या कायद्याने दिलेला हक्क वापरून फेरतपासणी मागितली. सहा महिन्यांत तीन तक्रारी झाल्या असतील तर आमच्याकडे ती मागता येते. मग कौन्सिल, पोलीस, आरोग्य खातं सगळ्यांना एकत्र बसून फाइल पहिल्यापासून वाचावी लागते. बैठकीला चार दिवस होते आणि फाइल माझ्याकडे आली.

आधी मी ध्वनिमुद्रण ऐकलं. आजींच्या घरी आठवडाभर यंत्र ठेवलं होतं, त्रास झाला की त्यांनी बटण दाबायचं. सकाळभर कानाला हेडफोन लावून बसले. पावलं. पाण्याचा नळ. खुर्ची. कपडे धुण्याचं मशीन. एकदा पोराचं रडणं, आणि त्यावर घाईघाईने, दबक्या आवाजातलं ‘श्श… श्श… श्श’. गाणं नाही, भांडण नाही, पार्टी नाही. घरात माणसं राहतात तेवढाच आवाज.

दुपारी वर गेले. मुलीने दार उघडलं तेव्हा ती मोज्यांवर होती. इस्पितळात सफाईचं काम करते, सहाची पाळी. साडेचारला उठून पोराला आवरून बहिणीकडे सोडते. जमिनीकडे पाहिलं आणि मला पुढचं बोलता येईना. उघड्या फळ्यांवर चापट केलेली खोकी अंथरली होती, त्यावर जुन्या रजया, कडांना चिकटपट्टी. खुर्चीच्या चारही पायांना चिरलेले टेनिसचे चेंडू. आणि ते पोर आतल्या खोलीतून माझ्याकडे आलं ते चवड्यांवर, दोन्ही हात बाजूला धरून, दोरीवर चालावं तसं.

‘‘शाळेतही तसाच चालतो,’’ ती म्हणाली. ‘‘बाईंनी विचारलं, पायाला काही दुखापत आहे का.’’

आमचं पत्र फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाने लावलेलं होतं.

कार्पेट का नाही, असं मी विचारलं. ती राहायला आली तेव्हाच नव्हतं. याचं उत्तर मला ठाऊक असायला हवं होतं. घर रिकामं झालं की आधीच्या भाडेकरूचं कार्पेट चांगलं असलं तरी उचकटून फेकायचं, ही इथे सरकारी घरांची जुनी रीत. नव्या माणसाकडे पैसे नसले की तो उघड्या फळ्यांवर राहतो, आणि खालचा माणूस त्याची टाच न् टाच ऐकतो.

तिथून थेट खाली आजींकडे गेले. मी सोलापूरच्या वाड्यात वाढले. वरच्या काकूंचा खलबत्ता आमच्या डोक्यावर वाजायचा आणि आई खालून हाक मारायची, ‘‘अहो, दुपारी कुटा की!’’ इथे या दोघींनी दोन वर्षांत एकमेकींशी एक वाक्य बोललं नव्हतं; बोलत होतं ते आमचं खातं, पत्रांतून.

आजींना मी कायदा सांगितला. लंडनमधल्या साउथवर्क आणि कॅम्डेन कौन्सिलांच्या भाडेकरूंचा असाच खटला १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला होता. शेजाऱ्याचं नेहमीचं जगणं हा उपद्रव ठरत नाही, आणि जुन्या इमारतीत ध्वनिरोधक बसवायला कौन्सिल बांधील नाही, असा निकाल लागला. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी खोटं बोलते?’’

नाही. माझ्या सबंध नोकरीत इतकं ठामपणे मी क्वचितच कुणाला ‘नाही’ म्हटलं असेल. मी त्यांना सांगितलं की तुमची प्रत्येक ओळ खरी आहे, मी ती कानांनी ऐकली आहे. पण वरची मुलगी चवड्यांवर चालते, पोरालाही चालायला लावते, आणि चूक झालीच असेल तर जमिनीवर काही न घालता घर देणाऱ्या आमची आहे. चेंडूंचं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

बैठकीत मी एकच गोष्ट मागितली: कार्पेट आणि त्याखाली जाड अंडरले, म्हणजे आवाज दाबणारं अस्तर. ‘एकाला दिलं की सगळे मागतील,’ हे अपेक्षित उत्तर आलं. मी हाउसिंग ओम्बड्समनचा, म्हणजे भाडेकरूंच्या घरमालकांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालाचा, ऑक्टोबर २०२२ चा अहवाल पुढे ठेवला. रोजच्या जगण्याच्या आवाजाला उपद्रवाच्या चौकटीत कोंबू नका, त्यासाठी वेगळी वाट ठेवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तास गेला, पण मंजुरी मिळाली. काम व्हायला सहा आठवडे लागले. आजींना मशीन अजून ऐकू येतं, टाचा नाहीत. डायरी शीट येणं बंद झालं.

राहिलं ते पत्र. ते मागे घेण्याचं पत्र मी संगणकात शोधलं. इशाऱ्याचे मसुदे भरपूर होते, ‘तुमची काही चूक नव्हती’ असं सांगणारा एकही नव्हता. मग कोऱ्या कागदावर स्वतःच लिहिलं, साहेबांची सही घेतली आणि हातानेच नेऊन दिलं. मुलीने उभ्या उभ्या दोनदा वाचलं. जुनं पत्र तिने काढलं नाही. नवं त्याच्यावर ठेवून त्याच लोहचुंबकाखाली दोन्ही अडकवली.