भुसा, चुना आणि तेल: आमची वाटचाल

आम्ही लाकडाचा भुसा हवेशिवाय तापवतो आणि निघणारी वाफ थंड करून तेल काढतो; याला पायरोलिसिस म्हणतात. तेल सुधारण्यासाठी भुशात उत्प्रेरक म्हणून धातू घालता येतो. सुरुवातीला आमच्या सगळ्या चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरायच्या: धातू कोणता मिसळायचा? निकेल, जस्त, लोखंड की कॅल्शियम? भट्टी चालू झाल्यावर कळलं की लाकूड स्वतःचा धातू घेऊनच येतं आणि आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

आरागिरणीच्या भुशात साल आणि माती असतेच. सालीत पोटॅशियम हा धातू जास्त. ५०० अंशांच्या आसपास त्याच्यामुळे तेलाऐवजी कोळसा, पाणी आणि वायू वाढतात. साल काढलेल्या कोरड्या लाकडाच्या १०० किलोंतून ६० ते ७० किलो तेल निघू शकतं. सालीचा माल आला की आकडा घसरलाच. भुसा पाण्याने धुतला तर बरंच पोटॅशियम जातं, पण वाळवणीचा खर्च बोकांडी बसतो. त्यामुळे साल वेगळी ठेवा, हीच पुरवठादाराला पहिली अट. ओलावा १० टक्क्यांच्या आत, चाळणी ३ मिलिमीटरची.

सगळ्यात जास्त छळलं ते रिअ‍ॅक्टर (भुसा तापवायचं भांडं) आणि कंडेन्सर (वाफ थंड करून तेल करणारा भाग) यांच्यामधल्या हातभर पाइपाने. त्याचं तापमान ४०० अंशांच्या खाली गेलं की आत डांबर धरतं. दाबाच्या गेजचा काटा हळूहळू चढतो, मग हॉपरमधून, म्हणजे भुसा ओतायच्या नरसाळ्यातून, धूर उलटा येतो. धुराची वाट बघत बसलात तर पाइप खोलून सळईने खरवडायचं काम नक्की. ग्लासवूल पुरत नाही, पाइपावर हीटिंग कॉइल हवीच.

धातूंमध्ये आम्हाला परवडला तो कॅल्शियम, म्हणजे साधा विरवलेला चुना. तो वाफेतलं अ‍ॅसिटिक आम्ल धरतो. तयार झालेलं कॅल्शियम अ‍ॅसिटेट ४०० अंशांपुढे फुटून अ‍ॅसिटोन आणि कार्बोनेट देतं. आम्ल घटतं, पण तेलही घटतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. मागे उरलेला चुना मिसळलेला कोळसा शेतात टाकायचा तर कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीला चालेल. विदर्भातल्या चुनखडीच्या काळ्या रानात टाकू नये.

निकेल लावलेलं झिओलाइट (बारीक छिद्रांचं खनिज, उत्प्रेरक म्हणून वापरतात) भुशात मिसळायच्या फंदात आम्ही पडत नाही. राखेतलं पोटॅशियम त्याला निकामी करतं. सायक्लोनने, म्हणजे वाफ गरगर फिरवून कण बाजूला पाडणाऱ्या नळकांड्याने, कोळशाचे कण काढायचे आणि मगच वाफ त्याच्या वेगळ्या थरातून न्यायची. तरी त्यावर कार्बन साचतोच. तो जाळताना हवा एकदम सोडली तर तापमान उसळतं आणि निकेलचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात; मग त्या थराला पहिल्यासारखा जोर राहत नाही. म्हणून नायट्रोजनमध्ये थोडी थोडी हवा.

चुना न घातलेल्या तेलाचा पीएच २ ते ३. साधं लोखंडी पिंप ते खातं. एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) किंवा एचडीपीई (जाड प्लास्टिक) वापरा. डिझेलमध्ये ते मिसळत नाही, जड असल्याने तळाशी बसतं, आणि किलोमागे उष्मांक डिझेलच्या निम्म्याहून कमी. तेव्हा इंजिनाचं नाव नको, भट्टीच्या बर्नरलाच द्यावं. साठवलं की दाट होत जातं. १० टक्के मिथेनॉलने तो वेग कमी होतो, पण मिथेनॉल तेल ताजं असतानाच घालायचं.