पोटावरची जाळी

३ जून, पहाटे

साडेतीन वाजलेत. बाथरूमच्या दारात पाठ टेकून लिहितेय, कारण दर दहा मिनिटांनी आत पळावं लागतंय. पाळी आलीय. ओटीपोटात कुणी ओला कपडा पिळावा तसा पीळ बसतो, आणि सुटला की कळ मांड्यांतून गुडघ्यापर्यंत उतरते. दोनदा उलटी झाली, तिसऱ्यांदा नुसतं पित्त पडलं. जुलाबही लागलेत. रात्री एकला घेतलेली गोळी पहिल्या उलटीतच गेली असणार. दुसरी घ्यावी की नाही, कळत नाही. घरी असते तर आईला हाक मारली असती. इथे साताऱ्यात या एका खोलीत हाक मारावी असं कुणी नाही.

गरम पाण्याची पिशवी निवलीय. ओट्यापर्यंत सहा पावलं आहेत. तेवढी चालून पुन्हा पाणी तापवायचं धैर्य गोळा करतेय.

नऊला पतसंस्थेत पोचायचंय. दुधाची बिलं जमा झालीत, आज कॅशला रांग असणार.

४ जून

काल गेले. बसले. नोटा मोजताना आकडा तीनदा चुकला, आणि संध्याकाळी हिशेबात पाचशेची तूट निघाली. ती मी भरली. साहेबांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "पित्त झालंय."

रात्री आठवत बसले. आठ वर्षांच्या नोकरीत माझ्या रजेच्या अर्जांवर पित्त, ताप आणि गावी काम, एवढी तीनच कारणं आहेत. खरं कारण एकदाही लिहिलेलं नाही. बिहार सरकारनं १९९२ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना पाळीच्या त्रासासाठी महिन्याला दोन दिवसांची रजा दिलीय, हे मी गेल्या वर्षी वाचलं. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून एका राज्याच्या कागदावर हा त्रास रजेचं कारण म्हणून लिहिलेला आहे. मला मात्र अजून तो शब्द अर्जावर उतरवता येत नाही.

९ जून

दुपारी रेकॉर्डच्या खोलीत फायली काढायला वाकले आणि तिथेच बसले. पाळी संपून दोन दिवस झालेत, तरी आत उजव्या-डाव्या बाजूला खेचल्यासारखं होतंय. या वर्षी असं फार होतं. पाळीच्या चार दिवस आधी सुरू होतं, नंतरही रेंगाळतं, आणि त्या दिवसांत शौचाला बसताना सुरी फिरल्यासारखं दुखतं. हे शेवटचं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आज शेजारच्या काउंटरच्या ताईंना सांगितलं, कारण त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्याजवळ फरशीवर बसल्या. त्या म्हणाल्या, "एकटी जाणार नाहीस तू, ठाऊक आहे मला. मी येते बरोबर."

पहिली पाळी सातवीत आली. दुखायला लागलं नववीत. आईनं तेव्हा सगळं केलं. ओव्याचा काढा, भाजलेल्या मेथीची पूड, जुन्या लुगड्याची घडी तव्यावर तापवून शेक. तिच्या शेकात आराम होता, अजूनही त्याच वासानं मला बरं वाटतं. पण शेकता शेकता ती सांगायची, "सगळ्याच बायकांना होतं गं. मीही असंच काढलं." आजी म्हणायची, लग्न झालं की थांबेल. पुढे ते बदलून एक मूल झालं की मोकळं होईल असं झालं. मी आता एकतीसची आहे, लग्न झालेलं नाही. म्हणजे त्या हिशेबानं माझं दुखणं बरं व्हायची अजून सुरुवातच झालेली नाही.

डॉक्टरकडे मला पाळीसाठी कधी नेलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी दोन वेळा कमरेत इंजेक्शन दिलं, तेवढंच. पण गौरी-गणपतीत तारीख येत असली की आई मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या न चुकता आणायची. दुखण्याला औषध नव्हतं, विटाळाला होतं. हे मला आज लिहिताना दिसलं. आईवर राग नाही. तिच्या सासूनं तिला तेवढंच शिकवलं. पण दिसलं ते लिहायला हवं.

२१ जून

बाहेरच्या बाकावर सगळ्या पोटुशा बायका होत्या. नोंदणीच्या मुलीनं विचारलं, "मिस्टर आलेत का?" ताई म्हणाल्या, "मी आलेय."

डॉक्टर मॅडमनी आधी बोलू दिलं. मग विचारलं, "किती दुखतं? शून्य म्हणजे काहीच नाही, आणि दहा म्हणजे याच्यापुढे दुखणं असू शकत नाही." सतरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, हे विचारलं होतं. किती, हे नाही. मी सात म्हटलं. दहा म्हटलं तर कांगावा वाटेल, पाच म्हटलं तर घरी पाठवतील.

तपासायला आडवी झाले. नाभीखाली माझ्या पोटावर तपकिरी डागांची जाळी आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कॉलेजपासून आहे. मला ते मळाचं किंवा बुरशीचं वाटायचं. बेसन लावून, लिंबू चोळून झालंय. मॅडमनी जाळीच्या कडेनं बोट फिरवलं. "शेकता?" हो म्हटलं. "किती गरम?" मी सांगितलं, पिशवीत उकळतं पाणी भरते, वर कापड नाही घेत, कापडातून ऊब पोचत नाही. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं अती गरम शेक घेतला की कातडीवर असे डाग उमटतात, चुलीजवळ बसणाऱ्या बायकांच्या पायांवरही दिसतात. मग टेबलाशी येऊन त्यांनी कागदावर लिहिलेला सात खोडला आणि नऊ केला. "कातडी भाजेपर्यंत शेक घेणारी बाई सातवर नसते."

मला रडू आलं. ताईंनी हात धरला. दुखण्याचा पुरावा इतकी वर्षं माझ्याच पोटावर होता, आणि मी तो घासून काढायला बघत होते.

पुढचा प्रश्न होता, "कधी कमी दुखल्याचं आठवतं?" मी म्हटलं, गौरीच्या गोळ्या चालू असतात तेवढे दिवस बरी असते. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, त्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखं काम करणारं औषध असतं, आणि मला जो आजार असल्याचा त्यांना संशय आहे, त्याच्यावर त्याच कुळातलं औषध देतात. तो आजार म्हणजे एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा पेशींचा थर बाहेर, बीजकोशावर, आतड्याजवळ, पोटाच्या पडद्यावर वाढतो. तिथे सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात, म्हणून शौचाला दुखतं. मी दर वर्षी सणासाठी आठ दिवस त्या औषधाजवळ जाऊन परत येत होते.

२४ जून

सोनोग्राफी झाली. लिटरभर पाणी पिऊन, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली तासभर बसले. डाव्या बीजकोशावर ३.२ सेंटिमीटरची गाठ आहे. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, आत जुनं रक्त साठून दाट तपकिरी झालेलं असतं. या गाठीमुळे निदान सोपं झालं, असं मॅडम म्हणाल्या. पुष्कळ जणींची सोनोग्राफी साफ येते, कारण बारीक ठिपके त्यात दिसत नाहीत, आणि मग त्यांना 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं जातं. शिवाय आजार किती पसरलाय आणि किती दुखतं, यांचा मेळ बसेलच असं नाही. थोड्या ठिपक्यांनीही बाई आडवी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळीच्या वयातल्या साधारण दहा जणींत एकीला हे असतं. संध्याकाळी एसटीत बसले तेव्हा मी नकळत बायका मोजत होते.

१ जुलै

काल पाळी आली, आणि या वेळी मी गोळीची वाट पाहिली नाही. आजवर सहन होईनासं झालं की गोळी घ्यायचे. तिथेच चूक होती. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. त्यानं गर्भपिशवीचे स्नायू इतके आवळतात की त्यांचा स्वतःचा रक्तपुरवठाही कमी पडतो. तेच रसायन आतड्यालाही आवळतं. म्हणजे माझे जुलाब बाहेरच्या खाण्यानं नव्हते, मी उगाच वडापावला दोष दिला. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी हे रसायन तयार होऊ देत नाही. जे तयार होऊन बसलंय ते काढून घेणं तिच्या हातात नाही. म्हणून चाहूल लागताच, काहीतरी खाऊन, पहिले दोन दिवस ठरलेल्या वेळेला गोळी घ्यायची. उपाशीपोटी नाही, सांगितलेल्या मात्रेच्या वर नाही. अंगावर पुरळ येऊन ताप आला तर लगेच बंद करून दवाखाना गाठायचा. या औषधाबद्दल २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेनं तशी सूचना काढली होती. मी इतकी वर्षं मेडिकलवाल्याकडून पट्टीच्या पट्टी घेत आले, त्यानं कधी काही सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

शेक घेतला, पण पिशवीवर टॉवेल गुंडाळून आणि सोसेल इतकाच. उबेचा उपयोग होतो, हे मॅडमनीही मान्य केलं. भाजायची गरज नाही.

काल ६. आज ५. उलटी नाही. आज मॅडमनी दिलेल्या, गौरीच्या गोळ्यांच्याच कुळातल्या डायनोजेस्टची पहिली गोळी घेतली, २ मिलिग्रॅम, रोज एकाच वेळी. मी रात्री साडेनऊ ठरवलीय.

१९ जुलै

झोप नाही. गेल्या हिवाळ्यातली एक बाई डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या गावाकडे, कराडच्या बाजूला, दर हंगामात बीडकडच्या टोळ्या ऊस तोडायला येतात. आमचा ऊस तुटत होता तेव्हा मी गावी होते आणि माझी पाळी चालू होती. बांधावर पोट धरून बसले होते. मोळी टाकून एक बाई पाणी प्यायला आली, माझ्यापेक्षा लहानच असेल. माझ्याकडे बघून म्हणाली, "पोट दुखतंय व्हय? मी तर पिशवीच काढून टाकली. आता खाडा न्हाई." कामाचा दिवस बुडाला की मुकादम खाड्याचे पैसे कापतो, आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. पुढे तिच्या कंबरेचं काय झालंय, रात्री अंग कसं पेटतं, तेही तिनंच सांगितलं, आणि पुन्हा फडात गेली.

बीडचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तो आकडा मी तेव्हा पेपरात वाचून पान उलटलं होतं. आता मला माहीत आहे की माझ्या आजारात पिशवी काढूनही दुखणं जाईलच अशी खात्री नसते, कारण आजार पिशवीच्या बाहेर असतो. त्या बाईला काय होतं? अंगावरून जात होतं, की नुसता संसर्ग, जो गोळ्यांनी बरा झाला असता? तिला कुणी दहातले किती असं विचारलं असेल का? मला पगारी रजा आहे, बरोबर येणाऱ्या ताई आहेत, आणि तरी मला सतरा वर्षं लागली. तिच्याकडे खाडा होता.

तिचं नावही मी विचारलं नाही. या हंगामात टोळी आली तर विचारणार आहे.

३ ऑगस्ट

पाळी आलेली नाही, या औषधावर येत नाही पुष्कळदा. पण अधूनमधून डाग पडतो, कधी चार दिवस सलग. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, सुरुवातीचे काही महिने असं चालेल. डोकं जड असतं, आणि दोन संध्याकाळी कारण नसताना मन इतकं खाली गेलं की जेवले नाही. हेही वहीत लिहून ठेवलंय, दाखवायचंय. आजार मुळापासून जाईल असं मॅडमनी सांगितलेलं नाही. दाबून ठेवायचा, गाठीवर नजर ठेवायची, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, वाढली तर दुर्बिणीच्या ऑपरेशनचं बघू, असं ठरलंय.

आकडे मात्र: २, १, ०, ०, ३, १, ०.

शून्य लिहिताना हात थबकतो. कॉलेजच्या सुरुवातीपासून महिनाभराची पानं अशी कधी नव्हती.

२० ऑगस्ट

आईचा फोन. गौरीची तयारी सुरू झालीय, मुखवटे घासून ठेवलेत. मग नेहमीचा प्रश्न, आवाज खाली आणून. "तारीख कधीची आहे? गोळ्या आणून ठेवू?"

मी म्हटलं, "आई, मेडिकलमधून काही आणू नकोस. मी रोज डॉक्टरांची गोळी घेतेय. डाग येतो, जातो. त्याची तारीख सांगता यायची नाही."

ती गप्प झाली. मी पुढे बोलले. गाठ आहे हे तिला माहीत होतं, पण पोटावरच्या जाळीचं सांगितलं नव्हतं, ते आज सांगितलं. तिच्या शेकानंच मला जगवलं हेही सांगितलं. आणि म्हटलं, "डाग असला तरी मी गौरी आणणार आहे. पावलं मी काढीन."

बराच वेळ पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज येत होता. मग तिनं तो बंद केला.

"मला धाकट्याच्या वेळेपर्यंत व्हायचं तसं," ती म्हणाली. "चुलीपुढं बसून स्वयंपाक करता यायचा नाही ना त्या दिवसांत, नाहीतर तिथंच शेकलं असतं. गोठ्यात बसायचे मी. वासराला टेकून."

मी काही बोलले नाही. तिला विचारलं, "किती दुखायचं?"

"आता काय सांगू," म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आदल्या दिवशी लवकर ये. शेपू निवडायचा असतो, एकटीनं होत नाही."