डीपी माझ्या पैशाची, केबल पोल्ट्रीची

गावाचं नाव नाही लिहीत, उद्या फ्यूज उडाला तर परत त्याच ऑफिसात जायचंय. माझी हळद दळायची छोटी मिल आहे. २०२१ ला विजेचं ६५ एचपीचं कनेक्शन मागितलं तर वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसचे साहेब म्हणाले जवळच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लोड शिल्लक नाही, शेतीपंपांनीच ती फुल झालीय, नवीन डीपी आणि सहा पोल लागतील. म्हटलं बसवा मग. तर म्हणे फंड नाही, योजनेत टाकतो पण वर्ष लागेल का दोन ते सांगता येत नाही, घाई असेल तर डीडीएफमधून करून घ्या.

डीडीएफ म्हणजे डेडिकेटेड डिस्ट्रिब्युशन फॅसिलिटी, खर्च सगळा आपला, काम लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, कंपनीला एस्टिमेटच्या १.३ टक्के सुपरव्हिजन चार्जेस भरायचे आणि काम झालं की डीपी कंपनीच्या ताब्यात. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की मी स्वखुशीने करतोय. स्वखुशी कसली, मशीनच्या कर्जाचा हप्ता चालू झालेला! एस्टिमेट ५ लाख ९० हजारांचं होतं, खिशातून गेले सात लाखाच्या वर. विद्युत निरीक्षकांची परवानगी वगैरे होऊन मार्च २०२२ ला लाइन चार्ज झाली, म्हणजे वीज सुरू झाली, नारळ फोडला, विषय संपला असं वाटलं.

२०२३ च्या दिवाळीनंतर एकदा फ्यूज गेला म्हणून वायरमनबरोबर डीपीपाशी उभा होतो. त्याने पेटी उघडली तर आतून बाहेर जाणाऱ्या केबल तीन. एक माझी, एक पलीकडच्या प्लॉटिंगला, आणि तिसरीवर पांढरी चिकटपट्टी, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं 'पोल्ट्री'. हे कधी झालं विचारलं तर म्हणतो दादा, वरून ऑर्डर आली, मी जोडलं. मी गुपचूप फोटो काढून ठेवला.

मेहुण्याच्या ओळखीतले एक रिटायर्ड इंजिनिअर आहेत, त्यांना फोटो दाखवला तर ते हसायलाच लागले. त्यांनी जे समजावलं ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर. वीज नियामक आयोगाचा ८ सप्टेंबर २००६ चा आदेश आहे, की वितरणाचं जाळं उभारायचा खर्च कंपनीने करायचा आणि तो वीजदरातून वसूल करायचा, नवीन ग्राहकाकडून नाही. अपवाद फक्त त्या एका ग्राहकासाठी किंवा लागून असलेल्या गटासाठीच असलेल्या डेडिकेटेड सोयीचा. म्हणजे माझ्या डीपीवर पोल्ट्री आली की ती डेडिकेटेड राहिलीच नाही.

मी विचारलं मग कंपनी स्वतः का नाही घालत पैसे? कारण गंमत अशी की कंपनीने स्वतः डीपी बसवली तर ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के स्वतःचं भांडवल असं धरून व्याज, घसारा आणि भांडवलावरचा परतावा हे सगळं दरात मिळतं, आणि ग्राहकाच्या पैशाने झालेल्या डीपीवर त्यातलं काहीच मिळत नाही. म्हणजे कागदावर बघाल तर कंपनीला स्वतः गुंतवणं फायद्याचं. पण तो पैसा दरातून यायचा वर्षानुवर्षे, खर्च आज करायचा, मोठ्या कामांना आधी आयोगाची मंजुरी, मग कर्ज, मग टेंडर, आणि माझे सहा पोल कुठल्यातरी योजनेत बसेपर्यंत सेक्शनच्या साहेबांकडे एकच उत्तर, फंड नाही. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष म्हणा.

तर डीपीचा खर्च परत मिळावा म्हणून अर्ज केला. सब डिव्हिजनला दिला, पोच घेतली, उत्तर शून्य. ग्राहक तक्रार निवारण मंचात जायला दोन वर्षांची मुदत असते, ते इंजिनिअर काका म्हणाले चार्जिंगच्या तारखेपासून धर, वाद नको. जानेवारी २०२४ ला दाखल केलं, म्हणजे जेमतेम दोन महिने हातात होते. फी नाही, वकील लागत नाही, मंचावर एक सदस्य ग्राहकांच्या बाजूचा असतो. सुनावणीत कंपनीने माझाच स्टॅम्प पेपर पुढे केला, स्वखुशीने केलंय म्हणून. मी फोटो दिला आणि तिन्ही केबलवर कोणकोणते ग्राहक आहेत त्याची यादी कंपनीलाच द्यायला सांगा एवढंच म्हणालो. यादीत नऊ जण निघाले! नंतर कोणी स्टॅम्प पेपरचं नाव काढलं नाही.

परतावा मंजूर झाला पण एस्टिमेटच्या रकमेचा, वरचे लाख सव्वा लाख माझे गेलेच, व्याज मागितलं होतं ते नाकारलं. मंचाच्या वर विद्युत लोकपालांकडे जाता आलं असतं, मी नाही गेलो, सीझन सुरू झालेला आणि कंटाळा पण आलेला. पैसे रोख नाही मिळत, बिलातून हप्त्याहप्त्याने वजा होतात, पहिल्या दोन बिलांत वजाच झाले नाहीत, परत दोन चकरा.

पोल्ट्रीवाला आता शेड वाढवतोय. डीपीवर लोड शिल्लक नाही म्हणून त्यालाही डीडीएफ सांगितलंय, परवा संध्याकाळी माझी फाइल झेरॉक्स करायला घेऊन गेला.