कर्नाक ते सिंदूर

आज मशीद बंदरला काम होतं. येताना मुद्दाम नव्या सिंदूर पुलावरून चालत आले. खालून लोकल गेली तशी पायाखाली बारीक थरथर जाणवली, आणि बाबांचा हात धरून जुना कर्नाक पूल ओलांडायचे ते आठवलं. 1868 चा तो पूल. नाव मुंबईचे गव्हर्नर जेम्स रिव्हेट-कर्नाक यांचं, पण आमच्या घरी कर्नाक म्हणजे फक्त 'बाजाराकडचा पूल'. जुन्या दगडांवर पुलाचं नाव इंग्रजीसोबत मराठी-गुजरातीतही कोरलेलं होतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

पूल धोकादायक ठरला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये 27 तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे रेल्वेगाड्या बंद ठेवून, पाडला. नव्याचे गर्डर, म्हणजे पोलादी तुळया, प्रत्येकी 550 टनांचे! खाली रेल्वेचे रूळ, डोक्यावर विजेच्या तारा, आणि मोजक्या तासांच्या ब्लॉकमध्ये ते सरकवायचे. त्या कामगारांना मनापासून सलाम. 10 जुलै 2025 ला पूल खुला झाला, ऑपरेशन सिंदूरवरून नाव मिळालं. नाव बदललं ते बरंच झालं असं मला वाटतं. फक्त ते कोरीव दगड नीट जपा हो.

उतारावर एक हातगाडीवाले काका कापडाचे गठ्ठे घेऊन निघाले होते. विचारलं, "कुठून आलात?"

"कर्नाकवरून, ताई."